लालसोटचा थकलेला पगार

२८ जुलै १७८७ रोजी जयपूरच्या आग्नेयेला, तुंगा गावाजवळच्या मैदानात महादजी शिंद्यांची फौज हरली नव्हती. जोधपूरच्या राठोडांचे घोडेस्वार तोफांच्या माऱ्यातून सरळ आत घुसले, मराठ्यांची डावी बाजू मागे रेटली गेली, पण महादजींच्या चाकरीतल्या डी बॉयन या युरोपियन अधिकाऱ्याच्या दोन पलटणी चौकोन करून जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि तो हल्ला त्यांच्यावर येऊन फुटला. मोहम्मद बेग हमदानी काही आठवड्यांपूर्वीपर्यंत महादजींच्याच चाकरीत होता आणि ऐन वेळी जयपूरकरांना जाऊन मिळाला होता. तो तोफेचा गोळा लागून ठार झाला. संध्याकाळी दोन्ही फौजा आपापल्या तळावर परतल्या. त्या रात्री कुणी जिंकले असे कुणालाच छातीठोकपणे सांगता आले नसते.

पराभव झाला तो त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत, छावणीत. बादशाही पलटणींनी थकलेला पगार मागितला. तिजोरी रिकामी होती, बाजारात धान्य मिळेनासे झाले होते आणि महादजींकडे वायद्यांशिवाय द्यायला काही उरले नव्हते. त्या पलटणी आपल्या तोफा ओढत शत्रूच्या तळावर निघून गेल्या. आता उरलेल्यांपैकी कोण आपले आणि कोण उद्या जाणार, हेच कळेना. १ ऑगस्टला महादजींनी तळ हलवला. जवळच्या लालसोटच्या नावावरून इतिहासात याला लालसोटचा पराभव म्हणतात.

मला या पराभवाबद्दल लिहायचे आहे, कारण महाराष्ट्रात तो जवळजवळ कुणाला माहीत नाही. महादजींचे नाव घेतले की पानिपतातून वाचलेला तरुण आठवतो आणि त्यानंतर एकदम दिल्लीचा लाल किल्ला, बादशहाला हाताशी धरून हिंदुस्थानचा कारभार करणारे पाटीलबावा. मधली वर्षे गायब असतात. आपण आपले सेनापती असेच लक्षात ठेवायला लागलो आहोत. पहिल्या बाजीरावांची ओळख करून देताना ‘एकही लढाई न हरलेला’ हे शब्द आधी येतात आणि पालखेडला निजामाला पाण्यावाचून कसे कोंडले, हे नंतर आले तर येते. जयंत्यांची भाषणे, फलक, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती, सगळीकडे ‘अजिंक्य’ हा शब्द. माझे म्हणणे असे की सेनापतीचे पराभव झाकले की त्याच्या विजयांचाही अर्थ कळेनासा होतो, आणि महादजींच्या बाबतीत तर तो अजिबातच कळत नाही.

हे आपल्याला जमत नाही असेही नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले, हे मराठी शाळेतले प्रत्येक मूल शिकते. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला पन्हाळ्यावरचा त्यांचा हल्ला फसला आणि हजारभर माणसे पडली, हे तितके शिकवले जात नाही, पण लपवलेलेही नाही. या माहितीने महाराजांबद्दलचा आदर तसूभरही कमी झालेला मला कधी दिसला नाही. उलट १६७० मध्ये किल्ले भराभर परत घेतले गेले त्याचे मोल मुलांना कळते, कारण काय गेले होते ते त्यांना ठाऊक असते. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला. हाताशी कितीतरी विजयांचे कागद असताना तो त्यांनी १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा काढला आणि पानिपतात काय चुकले याची उलटतपासणी करणारी लांबलचक प्रस्तावना त्याला जोडली. पराभवाची चौकशी करणे हे स्वाभिमानाचे काम आहे, असे मानणारी ही पिढी होती.

लालसोटकडे परत येतो, कारण तिथे काय झाले ते नीट पाहिले तर लढाईच्या आधीची तीन-चार वर्षे पाहावी लागतात.

१७८४ च्या अखेरीस शाह आलम बादशहाने महादजींना वकील-ए-मुतलकीचा अधिकार दिला. पद पेशव्यांच्या नावे, कारभार महादजींकडे. नावापुरते हे हिंदुस्थानातले सर्वांत मोठे पद होते. प्रत्यक्षात महादजींच्या पदरात काय पडले? बादशहाला दरमहा ६५ हजार रुपये द्यायचा शब्द, पगाराची वाट पाहणारी बादशाही फौज, आणि नुकताच दुष्काळात होरपळलेला मुलूख. १७८३-८४ चा तो दुष्काळ उत्तरेत चाळिसा म्हणून ओळखला जातो. गावेच्या गावे ओस पडली होती. सारा भरायला कुळे राहिली नव्हती, आणि फौज मात्र दर महिन्याला पोटाला मागत होती.

महादजींनी दोन मार्ग काढले आणि माझ्या मते दोन्हीत चूक झाली. पहिला, मोगल सरदारांच्या जहागिरी जप्त करणे. हिशेबाच्या वहीत तो बरोबर दिसला असेल, कारण त्या जहागिरींचे उत्पन्न बादशाही फौजेसाठीच होते आणि सरदार ते बसल्या जागी खात होते. पण ज्यांच्या जहागिरी गेल्या तेच सरदार महादजींच्या छावणीत तलवार बांधून उभे होते. हमदानी त्यांच्यातलाच. दुसरा मार्ग जयपूरकडून थकलेली खंडणी वसूल करण्याचा. १७८६ मध्ये ६३ लाखांचा करार झाला, त्यातला थोडा भाग हाती आला आणि बाकीच्यासाठी तगादा सुरू झाला. जयपूरच्या प्रतापसिंहाने पैसे जमवण्याऐवजी जोधपूरच्या विजयसिंहाची मदत मागितली. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या राज्याकडून इतकी रक्कम बळाने काढता येईल, हा अंदाज मुळातच चुकीचा होता. मग ज्या पैशातून फौजेचा पगार चुकता करायचा होता, तोच पैसा मिळवायला बिनपगारी फौज घेऊन महादजी जयपूरच्या मुलखात शिरले. तुंग्याच्या मैदानात तोफा उडण्याआधीच त्यांच्या पायाखालची जमीन सरकत होती.

पुण्याची मदत वेळेवर आली असती तर? नाना फडणविसांकडे पैसा आणि माणसे मागणारे निरोप जात होते. नाना आणि महादजी यांच्यातला अविश्वास जुना होता, आणि उत्तरेत महादजी स्वतःचे राज्य उभे करताहेत ही पुण्याची शंका पूर्णपणे निराधारही नव्हती. अली बहादर आणि तुकोजी होळकर यांना पाठवले गेले, पण त्यांच्या फौजा पोहोचेपर्यंत मुख्य संकट निभावून गेले होते. तरीही लालसोटचे खापर नानांवर फोडणे मला पटत नाही. पैशाचे गणित चुकले होते ते महादजींच्या छावणीत.

या पराभवाची किंमत कुणी मोजली, हे आपण सहसा विचारत नाही. अजमेर गेले. गंगा-यमुनेमधल्या दुआबातली ठाणी गेली. वर्ष संपेपर्यंत महादजींना चंबळेच्या दक्षिणेला यावे लागले. आग्र्याच्या किल्ल्यात महादजींचे सरदार लखबादादा वेढ्यात अडकले, बाहेर हमदानीचा पुतण्या इस्माइल बेग. आणि दिल्लीत, ज्या बादशहाच्या रक्षणाची जबाबदारी महादजींनी घेतली होती, त्याच्या महालात रोहिला सरदार गुलाम कादर शिरला. १० ऑगस्ट १७८८ रोजी त्याने शाह आलमचे डोळे काढले. जनान्यातल्या बायका-मुलांचे जे हाल झाले ते वाचवत नाहीत. लालसोटला ज्या सैनिकांचा पगार थकला होता त्यांच्यापासून लाल किल्ल्यातल्या त्या दिवसापर्यंत एक सरळ रेघ काढता येते. ही रेघ काढायला आपण कचरतो, कारण ती आपल्या माणसापासून सुरू होते. पण काढल्याशिवाय पुढचे महादजी कळत नाहीत.

कारण पुढचे महादजी हे या पराभवातूनच घडलेले आहेत. आणि पडल्यावर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आली नव्हती. थोरले बंधू जयाप्पा नागोरला दग्याने मारले गेले, दत्ताजी बुराडीच्या घाटावर पडले, पुतण्या जनकोजी पानिपतानंतर कैदेत मारला गेला. स्वतः महादजी पायावर घाव घेऊन पडले असताना राणेखान नावाच्या पखालवाल्याने त्यांना बैलावर घालून वाचवले. पाय कायमचा अधू झाला. त्या राणेखानाला महादजींनी भाऊ मानले. १७८० च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या पॉपहॅमने रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. शिपायांच्या पायांत आवाज न होणारे, कापूस भरलेले जोडे होते. वडगावला इंग्रजांना शरण आणून जेमतेम दीड वर्ष झाले होते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये कॅमॅकने रात्रीच्या छाप्यात महादजींची छावणी उधळली. वडगावचा विजय आपण आवडीने सांगतो. पण इंग्रजांची पायदळ शिस्त किती महागात पडते हे महादजी या दोन रात्रींत शिकले. १७८२ च्या सालबाईच्या तहात ते दोन्ही पक्षांचे जामीन म्हणून उभे राहिले आणि दोनच वर्षांत त्यांनी डी बॉयनला चाकरीत घेतले. हा क्रम विजयांच्या यादीतून दिसणार नाही.

लालसोटनंतर काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. महादजी पळाले नाहीत, फौज मोडू न देता मागे आले. भरतपूरचा रणजितसिंह जाट त्यांच्या बाजूने उभा राहिला, कारण महादजींनी त्याला आधी दीगचा किल्ला परत दिला होता. जहागिरी जप्त केल्या त्यांनी दगा दिला आणि ज्याचे परत केले तो टिकला, हा योगायोग नव्हे. आग्र्याच्या किल्ल्यात लखबादादांनी महिनोन्‌महिने तग धरला. १७८८ च्या एप्रिलमध्ये चक्साणला पुन्हा माघार घ्यावी लागली, पण १८ जूनला आग्र्याजवळ इस्माइल बेगाचा पराभव झाला. त्या फौजेचा सरदार राणेखान होता, तोच पखालवाला. ऑक्टोबरात दिल्ली परत मिळाली. गुलाम कादर पकडला गेला आणि त्याला देहदंड झाला. बादशहा आंधळा होऊन पुन्हा गादीवर बसला.

आणि मग महादजींनी पगाराचा प्रश्न सोडवला. मला त्यांच्या सगळ्या कर्तृत्वात हा भाग सर्वांत मोठा वाटतो, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो. डी बॉयन मध्यंतरी रुसून लखनौला निघून गेला होता. त्याला परत बोलावले. दोन पलटणींच्या जागी दहा पलटणींचा कंपू उभा राहिला आणि त्याच्या खर्चासाठी दुआबातला मुलूख जायदाद म्हणून वेगळा तोडून दिला. त्याचा वसूल थेट फौजेच्या पगाराला जाणार, मधल्या कुणाच्या हातात नाही. आग्र्यात तोफा ओतण्याचा कारखाना चालू झाला. शिपायाला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळू लागले. त्याचा परिणाम लढाईत दिसला. २० जून १७९० ला पाटणला इस्माइल बेग आणि राजपुतांची संयुक्त फौज मोडली, आणि १० सप्टेंबरला मेडत्याला तेच राठोड घोडेस्वार, ज्यांनी तुंग्याला डावी बाजू फोडली होती, कंपूच्या बंदुकांपुढे कापले गेले. पाटण आणि मेडता हे विजय वाचायचे असतील तर लालसोटच्या छावणीतला तो पगाराचा गोंधळ समोर ठेवूनच वाचायला हवेत. नाहीतर ते केवळ शौर्याचे प्रसंग वाटतात, आणि शौर्य तर तुंग्यालाही कमी नव्हते.

इथे थांबलो असतो तर लेख सोयीचा झाला असता: हरले, शिकले, जिंकले. पण महादजी लालसोटपासून जे शिकले ते अर्धे होते, आणि हे म्हटल्याशिवाय त्यांच्याबद्दल खरे बोलल्यासारखे मला वाटणार नाही.

पगार वेळेवर मिळेल अशी फौज त्यांनी उभारली, पण ती फौज एका परक्या माणसाच्या हाती दिली. जायदादीचा वसूल त्याच्याकडे, अधिकाऱ्यांच्या नेमणुका त्याच्याकडे, कवायत त्याच्याकडे. पलटणींचे अधिकारी बहुतेक गोरे, त्यांतले बरेच इंग्रज. दहा वर्षांत एकाही मराठी किंवा हिंदुस्थानी माणसाला कंपू चालवता येईल इतके वर आणले गेले नाही, आणि माणसे नव्हती असे नाही. पखालवाल्याला सेनापती करण्याची नजर ज्या महादजींकडे होती, त्यांनी पायदळाच्या बाबतीत ती का वापरली नाही, हा प्रश्न मला अनेक वर्षे सतावतो आहे. माझा अंदाज असा की लालसोटला त्यांनी दगा पाहिला तो सरदारांचा. पाठीशी स्वतःचे जातभाई असलेले, जहागिरी असलेले, स्वतःचे राजकारण असलेले सरदार. परक्या नोकराला राजकारण नसते, तो पगारापुरता एकनिष्ठ राहतो, असे त्यांना वाटले असावे. डी बॉयनच्या बाबतीत ते खरे ठरले. पण एका माणसाचा स्वभाव म्हणजे व्यवस्था नव्हे.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. गादीवर दौलतराव आले, ते कोवळ्या वयाचे. पुढच्याच वर्षी डी बॉयन चाकरी सोडून निघाला आणि कंपू पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाती आला. महादजींच्या विधवांचा दौलतरावांशी झगडा पेटला, त्या बायांच्या बंडात आग्रा राखणारे लखबादादा दौलतरावांविरुद्ध उभे राहिले. अनुभवी घरची माणसे अशी घरच्याच भांडणात संपली. १७९३ मध्ये लाखेरीला हाच कंपू होळकरांच्या मराठी फौजेवर चालून गेला होता, हेही विसरता येत नाही.

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू झाले तेव्हा कंपनी सरकारने जाहीरनामा काढून शिंद्यांकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांना परत यायला सांगितले, आणि ते गेले. त्यांच्यातल्याच ल्यूकन नावाच्या एकाने ४ सप्टेंबरला अलीगडच्या किल्ल्यात शिरायची वाट इंग्रजांना दाखवली. खुद्द पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तुंग्यानंतर पलटणी तोफा घेऊन निघून गेल्या होत्या. या वेळी पलटणी जागेवर राहिल्या आणि अधिकारी निघून गेले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. इंग्रज इतिहासकारांनी मराठ्यांना लुटारू ठरवून ठेवले, उत्तरेत अजूनही आपल्याबद्दल बरे-वाईट लिहिले जाते, मग आपण होऊन आपले पराभव, आपल्या सेनापतींच्या चुका कशाला पुढे आणायच्या? मुलांना आधी अभिमान वाटू द्या. ही भीती खरी आहे, आणि जिच्यातून ती येते ती जखमही खरी आहे. पण पराभव आपण सांगितला नाही तर तो सांगितला जाणार नाही असे होत नाही. तो दुसरा कुणीतरी सांगतो, त्याच्या सोयीने. लालसोट जयपूर-जोधपूरच्या इतिहासात राजपुतांचा विजय म्हणून आहेच. इंग्रजांच्या लेखनात मराठ्यांच्या अराजकाचा पुरावा म्हणून आहे. पगार, दुष्काळ, जहागिरी आणि पुण्याचा उशीर यांचा मिळून जो इतिहास होतो, तो सांगायला आपली माणसे हवीत. त्या काळची मराठी पत्रे आपल्याकडे आहेत. उत्तरेतून पुण्याला जाणाऱ्या वकिलांनी आणि कारकुनांनी काहीच लपवले नव्हते. पैसा नाही, धान्य नाही, माणसे बिथरली आहेत, असे ते स्पष्ट लिहीत. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाइतके सरळ लिहिण्याची आपल्यालाच आता चोरी का व्हावी?

आणि मुलांच्या अभिमानाचे म्हणाल, तर ‘कधीच न हरलेला’ माणूस मुलांच्या कामाला येत नाही. त्याचे काय करायचे ते त्यांना कळत नाही, फक्त त्याच्या नावाचा जयघोष करता येतो. अधू पायाने उठलेला, रात्रीत छावणी गमावलेला, पगार न दिल्यामुळे फौज घालवलेला आणि तीन वर्षांत त्याच मुलखात परत उभा राहिलेला माणूस मात्र विचार करायला लावतो. तो कुठे चुकला हे शोधता येते. त्याच्या जागी आपण काय केले असते, असे वर्गात विचारता येते. जयपूरवर चाल करायची की खंडणीत सूट द्यायची? जहागिरी घ्यायच्या की ठेवायच्या? चौदा वर्षांच्या मुलीला हा वाद घालता येईल, आणि ती तो जन्मभर विसरणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महादजींवरच्या धड्यात, त्यांच्या नावाच्या दालनांत आणि फलकांवर वडगाव, दिल्ली आणि मेडता यांच्या शेजारी ग्वाल्हेर आणि लालसोट यावेत, तारखांसह आणि कारणांसह. आणि शेवटी लासवाडी यावी. १ नोव्हेंबर १८०३ ला अलवरजवळच्या त्या गावी बहुतेक गोरे अधिकारी निघून गेलेल्या शिंद्यांच्या पलटणी इंग्रज सेनापती लेकच्या फौजेसमोर उभ्या राहिल्या आणि तोफांपाशी कापल्या जाईपर्यंत हटल्या नाहीत. इतकी कठीण लढाई आपण आयुष्यात पाहिली नाही, असे लेकने स्वतः लिहून ठेवले. महादजींनी लालसोटनंतर घडवलेले शिपाई ते हेच.